डिपेंडंट नवऱ्यासकट कॅनडा पीआरची (कायमस्वरूपी वास्तव्याची) फाइल: ब्रॅम्प्टनच्या इमिग्रेशन कन्सल्टंटचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

आधीच सांगून टाकते, फर्मचं नाव इथे लिहिणार नाहीये. कौतुक आहे तशा तक्रारी पण आहेत, आणि दोन-तीन माणसांचं छोटं ऑफिस आहे, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पण नाव नसलं तरी कन्सल्टंट कसा निवडायचा आणि पैसे नक्की कशाचे द्यायचे हे यातून कळेल, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी मूळची नाशिकची, ओंटारियोत डेकेअरमध्ये अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर आहे. इथेच दोन वर्षांचा कॉलेज डिप्लोमा केला, मग पीजीडब्ल्यूपीवर (इथे शिकल्यावर मिळणारं वर्क परमिट) नोकरी. नवरा माझ्या मागून स्पाउसच्या ओपन वर्क परमिटवर आला. म्हणजे प्रिन्सिपल ॲप्लिकंट (मुख्य अर्जदार) मी आणि डिपेंडंट तो. हे आत्ताच स्पष्ट लिहितेय कारण आम्ही ज्या ज्या ऑफिसात गेलो तिथे समोरचा माणूस आधी नवऱ्याकडे वळून "सर, आपका एनओसी क्या है?" (एनओसी म्हणजे इथला कामाचा सरकारी कोड) विचारायचा आणि नवरा माझ्याकडे बोट दाखवायचा. एका ठिकाणी तर बोट दाखवूनही पुढचा प्रश्न परत त्यालाच! तिथून आम्ही चहा न पिता उठलो.

ज्यांचा हा रिव्ह्यू आहे त्या कन्सल्टंट मॅडमकडे जायच्या आधी एका प्लाझातल्या माणसाकडे गेलो होतो, त्याचं थोडं सांगते कारण असे सल्ले सर्रास मिळतात. पीजीडब्ल्यूपी संपत आलेलं, ते रिन्यू होत नाही, त्यामुळे आम्ही टेन्शनमध्ये आणि हे लोकांना बरोबर ओळखता येतं. त्याने दोन उपाय सांगितले. पहिला, एलएमआयए (परदेशी माणूस कामावर ठेवायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी) "अरेंज" करून देतो, जॉब ऑफरचे पन्नास पॉइंट मिळतील, रेट वेगळा. ही विक्री बेकायदेशीर तर आहेच, वर २५ मार्च २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीत (पॉइंटवर पीआरला बोलावायची सरकारी पद्धत) जॉब ऑफरचे पॉइंटच काढून टाकले, म्हणजे ज्यांनी त्याच्याकडे पैसे भरले असतील त्यांच्या हाती शून्य. दुसरा उपाय जास्त गोड होता: प्रोफाइलमध्ये नवऱ्याला नॉन-अकंपनिंग (सोबत न येणारा) दाखवा, तुमचा स्कोअर सिंगलसारखा मोजला जाईल, एकदम बत्तीस पॉइंट वाढतील, पीआर मिळाल्यावर त्याला स्पॉन्सर करा, सगळे असंच करतात.

बत्तीस हा आकडा खोटा नव्हता. तिथेच तर माणूस फसतो. सीआरएसमध्ये, म्हणजे या पॉइंटच्या हिशोबात, जोडीदार सोबत दाखवला की तुमचे स्वतःचे कोअर पॉइंट थोडे थोडे कापले जातात आणि त्यातले चाळीस जोडीदारासाठी बाजूला ठेवलेले असतात, शिक्षणाचे दहा, भाषेचे वीस, कॅनडातल्या कामाचे दहा. जोडीदाराचे काहीच कागद लावले नाहीत तर कापलेले गेले ते गेलेच.

आता या मॅडम. गणपतीच्या कार्यक्रमात भेटलेल्या एका ओळखीच्या ताईंनी नंबर दिला. जायच्या आधी मी कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या साइटवर पब्लिक रजिस्टरमध्ये नाव टाकून बघितलं, आरने सुरू होणारा लायसन्स नंबर, स्टेटस ॲक्टिव्ह, सगळं दिसतं, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. हे कॉलेज नोव्हेंबर २०२१ पासून या धंद्याचं नियमन करतं. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर एकतर हे लायसन्स पाहिजे नाहीतर वकील वगैरे पाहिजे, नाहीतर तो गुन्हा आहे. गावाकडे "कॅनडा पीआर गॅरंटी" बोर्ड लावून बसलेल्यांपैकी कितीजण या रजिस्टरवर सापडतात ते स्वतः शोधून बघा, चांगली करमणूक होते.

पहिल्या मीटिंगला त्यांनी मला माझ्याबद्दल चार-पाच प्रश्न विचारले आणि उरलेला सगळा वेळ नवऱ्याला पिळून काढला. शिक्षण काय, कुठल्या युनिव्हर्सिटीचं, इथे काय काम करतोस, कधीपासून, आधी काय करत होतास, इंग्लिशची परीक्षा दिली आहेस का. मला आधी वाटलं, झालं, हे पण तसलंच ऑफिस. पण नाही, त्या कागदावर दोन कॉलम करत होत्या, एकात मी सिंगल असते तर आणि दुसऱ्यात नवऱ्यासकट. आमचे आकडे लिहिते, कुणाला उपयोगी पडतील. माझं वय तेव्हा ३३, इंग्लिश चारही भागांत सीएलबी ९ (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी), शिक्षणात डिग्री अधिक इथला डिप्लोमा, कॅनडातलं काम दोन वर्षांचं, भारतातलं तीन वर्षांच्या वर. सिंगल म्हणून मोजलं तर ५०८. नवरा सोबत, पण त्याचा एकही कागद नाही, तर ४७६. हाच तो बत्तीसचा फरक. मग त्यांनी तिसरा कॉलम काढला: नवऱ्याच्या बी.कॉम.चं ईसीए (परदेशी डिग्रीचं मूल्यमापन) लावलं तर आठ, त्याने परीक्षेत चारही भागांत सीएलबी ९ आणलं तर वीस, इथलं एक वर्षाचं स्किल्ड काम दाखवलं तर पाच. ४७६ अधिक ३३, ५०९.

म्हणजे नवऱ्याला लपवून जेवढे मिळणार होते त्यापेक्षा एक जास्त, तेही सगळं खरं सांगून! प्लाझातल्या त्या माणसाने हे गणित केलंच नव्हतं, कारण ते करायचं तर जोडीदाराची परीक्षा, ट्रान्सक्रिप्ट, सगळी उस्तवार आली, त्यापेक्षा एक टिक बदलणं सोपं. नॉन-अकंपनिंगबद्दल मी मॅडमना सरळ विचारलं तर त्या म्हणाल्या, "तो तुमच्या घरात राहतो, लीजवर त्याचं नाव आहे, तो इथे टॅक्स भरतो, आणि तुम्ही ऑफिसरला सांगणार की तो सोबत येत नाहीये? मी या फाइलवर सही करणार नाही." जोडीदार खरंच भारतात आहे, नोकरी सोडायची नाहीये, आईवडिलांचं बघायचंय, अशी खरी कारणं असली तर नॉन-अकंपनिंग चालतं, तरी त्याचं नाव आणि मेडिकल द्यावंच लागतं, नाहीतर पुढे स्पॉन्सर करायचा रस्ताच बंद होऊ शकतो. पण एका छताखाली राहून फक्त पॉइंटसाठी केलं तर फेअरनेस लेटर (खुलासा मागणारं पत्र) येऊ शकतं, आणि मिसरेप्रेझेंटेशन (खोटी माहिती) ठरलं तर पाच वर्षांची बंदी. हे सगळं त्यांनी न घाबरवता सांगितलं, आवडलं.

अजून एक गोष्ट त्यांनी पकडली. नवरा आल्या आल्या वेअरहाऊसमध्ये पिकर-पॅकर होता, नंतर त्याच कंपनीत शिफ्ट सुपरवायझर झाला. आम्ही सगळा काळ एकत्र धरून बसलो होतो. त्या म्हणाल्या पिकिंगचं काम टीअर ५ मध्ये (सगळ्यात खालच्या कौशल्याचा गट) येतं, ते धरलं जाणार नाही, सुपरवायझरचं तेवढं मोजा, आणि एचआरकडून दोन वेगळ्या तारखांचं लेटर आणा. नवऱ्याला जरा लागलं, कारण हिवाळ्यात रात्रपाळी करून पाठ मोडली ती त्या पहिल्या कामातच, आणि पॉइंट मात्र खुर्चीवरच्या कामाला. असो.

मग सुरू झाली नवऱ्याची परीक्षा. त्याने सेलपिप निवडली, सगळी कॉम्प्युटरवर, एका बैठकीत, स्पीकिंगसुद्धा हेडफोन लावून माइकमध्ये बोलायचं आणि आजूबाजूला बाकीचे पण एकाच वेळी बोलत असतात, सगळी खोली मासळीबाजार. आयईएल्ट्स जनरलमध्ये माणसासमोर बोलायचं असतं, ज्याला स्क्रीनशी बोलायला अवघड जातं त्याने ती घ्यावी. जानेवारी २०२४ पासून पीटीई कोअर पण चालते. सीएलबी ९ साठी सेलपिपमध्ये चारही ठिकाणी ९, आयईएल्ट्समध्ये लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हीला ७ लागतात. या बाबतीत फर्मचा काही रोल नाही, फक्त त्यांनी एक सांगितलं की डिपेंडंट आहे म्हणून कसाबसा पास होऊ नको, सीएलबी ७-८ ला प्रत्येकी तीन पॉइंट आणि ९ ला पाच, म्हणजे चार भागांत मिळून आठचा फरक पडतो. नवरा शिफ्टवरून येऊन अभ्यासाला बसायचा, मी डबे भरायचे. घरात भूमिका पूर्ण उलटल्या होत्या आणि सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर हे बघून फार मजा यायची.

ईसीएसाठी ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीकडून थेट मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे जावं लागतं, आपण पाठवलेलं चालत नाही. सासरे रिटायर्ड आहेत म्हणून झालं, त्यांनी खेटे घातले. ज्यांचं तिकडे कुणी नाही त्यांनी हे काम सगळ्यात आधी सुरू करा, परीक्षा नंतर दिली तरी चालेल. ईसीए पाच वर्षं टिकतं, परीक्षेचा निकाल दोनच वर्षं.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मॅडमनी पैसे पुरेपूर वसूल करून दिले. आपल्याकडच्या बायकांच्या नावांचा गोंधळ माहितीये ना. डिग्रीवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. इथल्या कॉलेजच्या डिप्लोमावर मधलं नाव गायब. आणि पासपोर्टवर मधलं नाव अशी वेगळी जागा नसते, त्यामुळे नवऱ्याचं नाव माझ्या गिव्हन नेममध्ये जाऊन बसलेलं. कॅनडातल्या ऑफिसरला या तीन कागदांवरची बाई एकच आहे हे कसं कळणार? त्यांनी सगळी नावं अदर नेम्समध्ये टाकायला लावली, महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, एक ॲफिडेव्हिट आणि अर्ध्या पानाचं पत्र, ज्यात आमच्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही कसं बदलतं ते सरळ इंग्लिशमध्ये लिहिलेलं. त्या स्वतः पंजाबी, मराठी नावांची ही पद्धत त्यांना माहीत नव्हती, पण त्यांनी नीट विचारून, समजून घेऊन लिहिलं, कॉपी-पेस्ट नाही. लग्नानंतर गॅझेटमध्ये नाव बदललं असेल तर त्याची प्रत पण जोडा.

नाशिकच्या शाळेचं अनुभवाचं पत्र ही वेगळीच कहाणी. आधी जे पत्र आलं त्यात मी "अत्यंत कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि सुस्वभावी शिक्षिका" असल्याचं आणि माझ्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा असल्याचं लिहिलं होतं. तारखा नाहीत, आठवड्याचे तास नाहीत, पगार नाही, कामं काय करायची ते नाही. मॅडमनी ते वाचून हसत परत दिलं. लेटरहेड, पद, कामांची यादी, तास, पगार, कधीपासून कधीपर्यंत, सहीवाल्याचा फोन, एवढं पाहिजेच. आणि कामांची यादी एनओसीच्या साइटवरून जशीच्या तशी उचलायची नाही, ते ऑफिसरला लगेच दिसतं. आमच्या मुख्याध्यापिका बाईंना हे फोनवर समजावणं मला जमलं नाही, माझ्या आईने शाळेत जाऊन समोर बसून लिहून घेतलं. आयांना काय जमत नाही.

बाकी दहा वर्षांचा पर्सनल हिस्टरीचा तक्ता, त्यात एक महिना पण रिकामा चालत नाही, नवरा आल्यावर नोकरी मिळेपर्यंत घरी होता ते सरळ "अनएम्प्लॉइड" लिहायचं, त्यात लाज कसली. गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने राहिलात त्या देशाचं पोलीस सर्टिफिकेट, कॅनडाचं नको. सीईसीमधून (कॅनडातल्या कामाच्या अनुभवावरचा मार्ग) जात असाल तर बँकेत पैसे दाखवायची अट नाही, हे कितीतरी जणांना माहीत नसतं आणि लोक उगाच उसने आणून फिक्स करून ठेवतात.

१ मे २०२५ ला एज्युकेशन कॅटेगरीचा पहिला ड्रॉ (पॉइंटनुसार इन्व्हिटेशन द्यायची फेरी) झाला, कटऑफ ४७९. आमचे ५०९. नवऱ्याच्या कागदांशिवाय असते ४७६, म्हणजे तीनने हुकलो असतो. नंतर सप्टेंबरमध्ये याच कॅटेगरीचा कटऑफ ४६२ ला आला, तेव्हा तसंही झालं असतं म्हणा, पण तोपर्यंत माझं परमिट संपलेलं असतं, मी ३४ ची होऊन अजून पाच पॉइंट गेले असते, आणि २१ जानेवारी २०२५ पासून स्पाउसच्या ओपन वर्क परमिटचे नियम आवळलेत, मुख्य माणसाच्या परमिटवर निदान सोळा महिने शिल्लक पाहिजेत आणि काम पण ठरावीक प्रकारचंच, त्यामुळे नवऱ्याचं रिन्यू व्हायचं अवघड होतं. त्या वर्षी साध्या सीईसीचे कटऑफ पाचशे पंधराच्या खाली आलेच नाहीत, तिथे ५०९ पण पुरले नसते. फ्रेंचवाल्यांची तेवढी मजा, मार्चमध्ये त्यांचा कटऑफ ३७९ होता. आता आमच्या बिल्डिंगमधले अर्धे लोक फ्रेंचचे क्लास लावून बसलेत.

इन्व्हिटेशन आल्यावर साठ दिवस मिळतात. सगळं आधीच तयार असल्यामुळे धावपळ झाली नाही. सरकारी फी आम्ही भरली तेव्हा प्रत्येक मोठ्या माणसाचे १५२५ डॉलर होते, ९५० प्रोसेसिंग आणि ५७५ पीआरच्या हक्काची फी, म्हणजे दोघांचे ३०५०, डिपेंडंटला सूट वगैरे काही नाही. ५७५ वाला भाग अर्ज नाकारला तर परत मिळतो. ही फी दर दोन वर्षांनी वाढते, साइटवर ताजा आकडा बघून घ्या. मेडिकल आम्हाला नंतर सांगितलं होतं, पण २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीत अर्ज टाकायच्या आधीच मेडिकल करावं लागतं, त्यामुळे साठ दिवसांत ते पण धरा. मध्येच माझ्यासाठी ब्रिजिंग ओपन वर्क परमिटचा (पीआरचा निकाल लागेपर्यंत काम करता यावं म्हणून) अर्ज त्यांनी केला, तो पॅकेजमध्ये होता, आणि डेकेअरच्या एचआरला कुठलं पत्र दाखवायचं तेही न विचारता पाठवून दिलं. पीआर दोघांचंही एकदमच झालं.

आता एक स्टार का कापला. पूर्ण प्रतिनिधित्व घेतलं की अर्ज त्यांच्या पोर्टलमधून जातो आणि आपल्याला आत डोकावता येत नाही. हे सगळीकडेच असं आहे, पण मग ऑफिसने निदान महिन्याला एक ओळ तरी टाकावी की नाही. सबमिट होईपर्यंत मॅडम स्वतः बोलायच्या, नंतर सगळं असिस्टंटकडे, आणि असिस्टंटचं उत्तर ठरलेलं, "इट्स इन प्रोसेस". व्हॉट्सॲपला निळ्या टिक यायच्या आणि उत्तर परवा. मेडिकलच्या सूचनेचा ईमेल माझ्यापर्यंत पोचायला पण उशीर केला, मुदतीत बसलं म्हणून ठीक, पण त्या आठवड्यात मी झोपले नाही. दुसरं म्हणजे फी. ॲग्रीमेंटमध्ये टप्पे स्वच्छ लिहिलेत, लपवाछपवी काही नाही, पण बोलताना आकडा सांगतात तो एचएसटीशिवाय (इथला विक्रीकर), तेरा टक्के वर लागले की तोंड जरा वाकडं होतंच. आणि एकदा फॉर्मच्या ड्राफ्टमध्ये नवऱ्याची जन्मतारीख उलटी होती, दिवस-महिना अदलाबदल. आम्ही पकडलं, त्यांनी लगेच बदललं, पण सहीच्या आधी प्रत्येक पान स्वतः वाचा, खाली सही तुमचीच असते.

ही फर्म घ्यावी का असं दोघी-तिघींनी विचारलं, त्यांना हेच सांगितलं की दोघांचेही कागद सरळ असतील, नावं सगळीकडे एक असतील, आधी कधी व्हिसा नाकारलेला नसेल तर स्वतः करा, साइटवर सगळं आहे, पैसे वाचवा. आमच्यासारखं नावाचं त्रांगडं असेल, जोडीदाराच्या कामात टीअरची भानगड असेल किंवा परमिट संपायला आलं असेल तर जावं. दुसरीकडे कुठे गेलात तर पहिल्या मीटिंगमध्ये एवढंच बघा की ते जोडीदाराबद्दल किती प्रश्न विचारतात. आणि दोघांपैकी कोण प्रिन्सिपल असावं हे दोन्ही बाजूंनी मोजून दाखवतात का. आमचं त्यांनी उलटं पण मोजलं होतं, नवरा प्रिन्सिपल धरून, तो कॉलम इतका खाली गेला की नवऱ्यानेच म्हटलं राहू द्या.

शनिवारी दुपारपर्यंत चालू असतात पण अपॉइंटमेंट शुक्रवारच्या आत घ्या. पहिल्या कन्सल्टेशनची फी पुढे पॅकेज घेतलं तर त्यातून वजा करतात, हे आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. पैसे इंटरॅकने (इथलं बँक ट्रान्सफर), कार्ड घेत नाहीत. मराठी कुणाला येत नाही, हिंदी-पंजाबी-इंग्लिश चालतं. पार्किंग समोर मिळणार नाही, प्लाझाच्या मागे किराणा दुकानाच्या बाजूने जा.